शेजारचा ब्रेक

सकाळी गल्लीतून ती जुनी चौकोनी गाडी बाहेर पडली, तेव्हा इस्त्रीवाल्याने हातातली इस्त्री उभी करून ठेवली आणि तो रस्त्यावर आला. स्टिअरिंगवर मुलगा होता आणि शेजारच्या सीटवर बाई. बाई शेजारी बसलेल्या गल्लीने हजारदा पाहिल्या होत्या. पण त्या शिकवायला बसलेल्या. आज मांडीवर डब्याची पिशवी होती, केस नीट विंचरलेले होते आणि छपरावरची शिकाऊची पाटी काढलेली होती.

"बाई, आज पाहुण्यासारख्या?" इस्त्रीवाला खिडकीत वाकून म्हणाला.

"आज पाहुणीच. गाडी पोचवायला चाललोय. चालवणार हा."

"मग तुमचे पाय घरी ठेवून जा. तुमचा पाय पडला की गाडी थांबते, हे इथल्या कुत्र्यांनासुद्धा ठाऊक आहे."

मुलगा हसला. बाईही हसल्या, पण पाय नकळत मागे घेतले.

गावातल्या निम्म्या लोकांना बाईंनी गाडी शिकवली होती. ड्रायव्हिंग स्कूल नवऱ्याचं. तो अचानक गेला तेव्हा घरात होतं काय, तर पहिलीतला मुलगा, पुढच्या खोलीतलं टेबल आणि ही गाडी. शिकाऊ गाड्यांना असतो तसा हिलाही शेजारच्या बाजूला दुसरा ब्रेक होता. चालवणाऱ्याच्या ब्रेकला एका लोखंडी दांड्याने, पिन घालून जोडलेला. शेजारच्याने दाबला की गाडी थांबायची आणि शिकणाऱ्याच्या पायाखालचं पेडल आपोआप खाली जायचं, जणू कुणी त्याच्या पायाखालची पायरीच काढून घेतली. नवरा तो ब्रेक क्वचित वापरायचा. बाई मात्र पहिल्या दिवसापासून त्यावर पाय ठेवूनच बसल्या. एकटी बाई, शिकायला येणारे बाप्ये, गाडी एकच, आणि ती कुठे आपटली तर दुसऱ्या दिवशी चूल थंड. त्या पायाने त्यांचं घर चालवलं. शिकणारे मागे त्यांना ब्रेकबाई म्हणायचे आणि बाईंना ते माहीत होतं. उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या खाली, त्या पेडलने पाडलेला घट्टा होता. दिराच्या गाडीत शेजारी बसल्या तरी त्या पायाखालचं पायपुसणं दाबत बसायच्या. दीर म्हणायचा, "वहिनी, माझ्या गाडीला भोक पडेल."

मुलालाही त्यांनीच शिकवलं. म्हणजे शिकवायला घेतलं.

तो कॉलेजात होता. जुन्या हायवेवर सराव चालला होता, मागच्या सीटवर आणखी तीन शिकाऊ बसलेले, आपापल्या पाळीची वाट बघत. पुढे एक ट्रॅक्टर रखडत चालला होता. मुलाने आरशात पाहिलं, सिग्नल दिला, गाडी बाहेर काढली. समोरून दूरवर एक ट्रक येत होता. बाईंनी ब्रेक दाबला. गाडी रस्त्याच्या मधोमध बंद पडली, ट्रकवाला हॉर्नवर हात ठेवून चिखलातून निघून गेला, आणि भीती ओसरल्यावर मागचे तिघे फिदीफिदी हसले. बाई म्हणाल्या, "याच्या हातात गाडी दिली तर हा मलाच आधी घालवेल." तिघे आणखी हसले. मुलगा खाली उतरला, दार हळूच लावलं आणि चालत घरी गेला. त्यानंतर त्याने कधी स्टिअरिंगला हात लावला नाही. शहरात नोकरीला लागला, लग्न केलं, मुलगी झाली. तिकडे गाडी बायको चालवते, हा शेजारी बसतो.

त्या दिवशी पुढे जायला जागा होती. ब्रेकवर पाय पडत असतानाच बाईंना ते कळलं होतं. पाय मात्र डोक्याच्या आधी पोचला. मग एवढ्या वर्षांत ते कधी तोंडातून निघालं नाही. मुलाने विचारलं नाही आणि बाईंनी काढलं नाही. तो आला की दोघं हवापाण्याचं, नातीच्या शाळेचं, गुडघ्यांचं बोलायची.

गुडघ्यांमुळेच बाईंनी आता ड्रायव्हिंग स्कूल बंद केलं होतं. गाडी घ्यायला त्यांचाच एक जुना विद्यार्थी तयार झाला. जुन्या हायवेच्या पार शेवटच्या गावात त्याने स्वतःचं ड्रायव्हिंग स्कूल काढलं होतं. शिकताना तो प्रत्येक सूचनेवर वाद घालायचा म्हणून बाईंनी त्याचं नाव वकील ठेवलेलं. मुलगा पुढची खोली आवरायला म्हणून दोन दिवस आला आणि जेवताना त्याने खिशातून लायसन काढून ताटाशेजारी ठेवलं.

बाई बघतच राहिल्या. "कधी काढलंस?"

"झाले काही महिने."

"शिकलास कुणाकडे?"

"होता एक माणूस. शेजारी बसून मोबाइल बघायचा."

"मोबाइल बघायचा? शिकवताना?"

"हो. म्हणून तर शिकलो."

बाईंनी घास गिळला. मुलगा म्हणाला, "उद्या गाडी मी चालवतो. जुन्या रस्त्याने जाऊ, नव्यावर ही धापा टाकेल. तिकडून मी बसने शहरात, तू बसने घरी. पण अट एक. तुझ्या ब्रेकला तू पाय लावायचा नाही. लावलास की मी तिथंच उतरणार, पुढचं तू बघ."

तो हसत होता. पण मागे एकदा तो खरोखरच उतरला होता, हे दोघांनाही आठवलं.

"बघच लावते का," बाई म्हणाल्या. रात्रभर त्या मनाशी तेच म्हणत राहिल्या. उद्या पाय आवरायचा. एवढं एक केलं की झालं.

जुना हायवे आता नावापुरता हायवे होता. नवा रस्ता गावांना बाहेरून वळसा घालून गेल्यापासून हा रस्ता गावांच्या मधून एखाद्या निवृत्त माणसासारखा चालायचा, कुणी ओळख दिली तर थांबायचा. पहिल्या गावात पेट्रोल पंपाच्या यंत्रावर आकडे होते तिथेच थिजलेले. टायरवाल्याने पांढरे रंगवलेले टायर दुकानापुढे ओळीने पुरले होते आणि त्यात झाडं लावली होती, कारण टायर बदलायला कोणी येत नव्हतं. लॉजच्या पाटीवरची दोन अक्षरं गळाली होती. एका दारात एक म्हातारा खुर्ची रस्त्याकडे तोंड करून बसला होता, आणि गाडी गेल्यावर त्याने मान वळवून ती जाताना पाहिली, दिसेनाशी होईपर्यंत.

बाईंनी यातलं फार काही पाहिलं नाही. त्यांचं लक्ष खाली होतं. आधी त्यांनी दोन्ही पाय सीटखाली ओढून घेतले. मग उजवा पाय आपोआप पुढे सरकताना दिसला, तेव्हा चपला काढून सीटवर मांडी घातली. मांडीवर डब्याची पिशवी. थोड्या वेळाने पायांना मुंग्या आल्या, म्हणून पाय खाली सोडले आणि पिशवी पेडलच्या पुढे उभी केली, भिंतीसारखी.

"काय चाललंय?" मुलाने विचारलं.

"काही नाही. तू पुढं बघ."

"पुढंच बघतोय."

वळण आलं की तळव्याचा घट्टा खाजायला लागायचा. एक सायकलवाला हात न दाखवता वळला. बाईंनी पायाची बोटं आत मुडपली, अगदी पांढरी होईपर्यंत. गाडी सायकलवाल्याच्या बाजूने गेली. "नाही लावला हं पाय," बाई म्हणाल्या.

"बघितलं," मुलगा म्हणाला.

दुसरं गाव मागे पडलं आणि बाईंना मळमळायला लागलं. जन्मात जिला गाडी लागली नाही तिला गाडी लागली. पायाला काम नसलं की रस्ता पोटात शिरतो, हे त्यांना उतारवयात कळलं. "जरा थांबव रे," त्या म्हणाल्या, आणि तोंडावर पदर धरला.

चहाची टपरी एका लांब भिंतीला टेकून होती. चहावाल्याने आधी गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे, मग पुन्हा गाडीकडे.

"ही तीच ना? चौकोनी?"

"तीच म्हणजे?"

"माझ्या भिंतीवर आली होती. एक जाडजूड बाई शिकत होत्या. शेजारी तुम्हीच होता. खूण अजून आहे, या, दाखवतो." त्याने खरंच दाखवली, आणि पुन्हा चुना मारला तरी ती जागा चुन्याने भरायची नाही हे अभिमानाने सांगितलं. "त्या बाई शिकल्या का शेवटी?"

"शिकल्या. त्यांची आता रुग्णवाहिका आहे."

"अरे देवा," चहावाला म्हणाला. मग मुलाकडे हनुवटी उडवून, "हा कोण, नवीन शिकाऊ?"

"मुलगा माझा."

"मग पाटी लावा की वर! लोकांना कळायला नको?"

मुलगा इतका हसला की त्याच्या कपातला चहा सांडला. बाईंना पाणी पिऊन बरं वाटलं. बाकावर दोघं शेजारी बसली होती. मुलाने बिस्किट चहात बुडवून बाईंपुढे धरलं, लहानपणी त्या त्याला द्यायच्या तसं, आणि ते त्यांच्या हातात येईपर्यंत गळून पडलं.

"आज नीट पोचलो ना," तो कपात बघत म्हणाला, "तर सुट्टीत पोरीला घेऊन गाडीनंच येतो तुझ्याकडे. मीच चालवत. बायको म्हणते आधी आईला विचार, जमतं का तुला."

"विचारायचं काय त्यात?"

"विचारतोय ना. आज बघ आणि सांग."

बाईंच्या अंगातून काहीतरी ऊन गेलं. नात मागच्या सीटवर, आपण तिच्या शेजारी, आणि पुढे हा. सगळं हातात आलं होतं. फक्त पाय आवरायचा. उरलेली गावं मोजकीच होती.

तिसऱ्या गावात बाजार भरला होता. रस्ता तिथे बाटलीच्या गळ्यासारखा झाला होता. दोन्ही बाजूंना ताडपत्र्या, टोपल्या, भांड्यांचे ढीग, आणि समोरून एक ट्रक त्याच गळ्यात शिरलेला. ट्रकवाला मागे जाईना. मागे जायला त्याला जागाही नव्हती. कुणीतरी ओरडलं, "दादा, मागं घ्या, मागं!" कुणी म्हणालं, "अहो, येते, या या!" बाईंनी डाव्या हाताने दाराचा दांडा धरला, उजवा हात उजव्या मांडीवर गच्च दाबला आणि डोळे मिटून घेतले. गाडी मागे गेली. थांबली. पुढे आली. कुठेतरी पत्र्यावर ताडपत्री घासल्याचा आवाज झाला. कुणीतरी बॉनेटवर थाप मारून म्हणालं, "चला, निघाली!" बाईंनी डोळे उघडले तेव्हा बाजार मागे होता.

मुलाने मोठा श्वास सोडला. हात पँटला पुसले. मग वळून बाईंकडे पाहिलं, जरा वेळच, त्यांच्या तोंडून काहीतरी यायची वाट बघत असावा तसं.

"पाय नाही लावला हं," बाई म्हणाल्या. कपाळावर घाम आला होता. "डोळे मिटले, पण पाय नाही."

"हो," तो म्हणाला. "बघितलं."

पुढे नदीकडे उतार होता. उतारावर गाव, घरं एकाखाली एक, दारं थेट रस्त्यावर उघडणारी. गाडीने चांगला वेग घेतला होता. बाईंना आता जरा विश्वास आला होता, आणि त्यांनी पहिल्यांदाच खिडकीबाहेर पाहिलं. एका घराच्या गच्चीवर कुणी बाई चादर झटकत होती. तेवढ्यात डावीकडच्या बोळातून एक हातगाडी सरळ रस्त्यावर आली. हातगाडीवर आडवं बांधलेलं कपाट, आणि कपाटामागे ढकलणारा माणूस, ज्याला रस्ता दिसतच नव्हता.

पाय गेला. पिशवी उडवून, डबा सांडून, सगळ्या वर्षांच्या जोराने गेला. आणि पेडल सरळ खाली बसलं, खडकन, लोखंडावर लोखंड. अंधारात जिना उतरताना आणखी एक पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं. बाईंनी पुन्हा दाबलं. खडक. पुन्हा. गाडी तर थांबलेली होती. कपाटाच्या अलीकडे, हातगाडीवाल्याला कळलंही नाही अशी. तो गाणं गुणगुणत रस्ता ओलांडून समोरच्या बोळात गेला.

बाई वाकल्या. सांडलेल्या डब्यातून हात घालून त्यांनी दांडा चाचपला. दांडा लोंबत होता. पेडल नुसतं आपल्या स्प्रिंगवर उभं होतं, दुकानातल्या नकली फळासारखं.

"पिन काढलीस?"

मुलगा समोरच्या बोळाकडे बघत होता.

"पिन काढलीस तू? ब्रेक नसलेली गाडी रस्त्यावर आणलीस?"

"ब्रेक आहे, आई. माझ्या पायाखाली आहे."

"मला शिकवतोस? लाज नाही वाटत? आईला फसवायचं? कुणी दिलं तुला लायसन? त्या मोबाइलवाल्यानं?" आवाज चढला होता. घरांच्या दारांत माणसं आली. "उद्या पोरीला असंच घेऊन येणार होतास का? घालवशील एखाद्या दिवशी तिला!"

हे वाक्य बाहेर पडलं, आणि बाईंना ते स्वतःच्या कानांनी ऐकू आलं.

मागून कुणी हॉर्न वाजवला. मुलाने गिअर टाकला आणि गाडी उतारावरून खाली नेली, पुलावरून पलीकडे नेली. तो उतरला नाही. अट त्याची होती आणि ती मोडलेली होती, उतरायचा त्याला हक्क होता. तो उतरला असता तर बरं झालं असतं, असं बाईंना वाटलं. त्यांच्या पायांशी भाजी सांडलेली होती आणि ती गाडीच्या हेलकाव्याबरोबर इकडून तिकडे जात होती.

त्यानंतरची दोन गावं कशी गेली ते दोघांनाही सांगता आलं नसतं. सकाळपासून त्या पाय आवरत होत्या. मांडी घातली, बोटं मुडपली, मळमळ सोसली. आणि खाली काहीच नव्हतं. जे जोडलेलंच नव्हतं त्याच्याशी त्या झुंजत बसल्या होत्या. राग कुणावर काढायचा तेही कळेना. मुलावर काढावा तर त्याने ओळखलं ते खोटं कुठे ठरलं होतं?

वकिलाचं स्कूल गावाच्या टोकाला होतं. पुढे मोकळं अंगण, आत पत्र्याची शेड. वकिलाचं पोट सुटलं होतं, डोक्यावरचे केस गेले होते, पण तोंड तेच होतं.

"या बाई! किती उशीर? मी म्हटलं वाटेत कुणाला नापास करत बसल्या की काय." त्याने मुलाशी हात मिळवला, गाडीला फेरी मारली, दार उघडून आत डोकं घातलं. "हे काय, भाजीबाजार कसला?" मग शेजारचा ब्रेक हाताने दाबला. खडक. त्याने पुन्हा दाबला आणि डोकं बाहेर काढलं.

"बाई, याची पिन कुठं गेली?"

मुलगा खाली बघत होता. बाई म्हणाल्या, "मी काढली."

"तुम्ही?"

"मग? चालवणारा मुलगा. मला कशाला लागतोय ब्रेक?"

मुलाने मान वर केली. बाईंनी त्याच्याकडे पाहिलं नाही. त्या पर्स उघडून पिन शोधायला लागल्या, चष्म्याचं घर बाजूला कर, रुमाल बाजूला कर, ती पर्समध्ये असणं शक्य नव्हतं तरी. शोधणं लांबत चाललं तेव्हा मुलाने शर्टाच्या खिशात बोटं घातली.

"माझ्याकडे दिली होतीस, आई. विसरलीस." त्याने पिन वकिलाच्या हातावर ठेवली.

"कमाल आहे," वकील म्हणाला. "आमच्या वेळी बाईंनी एकाच्या जागी दोन पिना मारल्या असत्या. नशीबवान आहात हो तुम्ही."

"आहे," मुलगा म्हणाला.

वकिलाने पिन बसवली, गाडीत बसला आणि शेडमध्ये मागे घ्यायला लागला. शेड अरुंद होती, आत आधीच दुसरी गाडी उभी. त्याने एका दमात, कुठेही न थांबता, गाडी भिंतीला समांतर नेऊन लावली. बाईंचे गुडघे, मळमळ, सगळं क्षणभर गेलं. त्यांनी टाळी वाजवली.

"शाब्बास! शाब्बास रे! बघितलंस?" त्या मुलाला म्हणाल्या. "क्लच किती हलका सोडला बघ. दोन्ही आरसे, आणि मान एकदाच वळवली. घाई नाही. याला तेव्हा मागे घेताना रडू यायचं. ए वकिला, आठवतं का, खांब पाडला होतास?" बाई बोलत राहिल्या. कुठल्या क्षणी त्याने चाक वळवलं, ते अर्धा वळसा उशिरा वळवलं असतं तर काय झालं असतं, सगळं. कित्येक तासांनी त्यांना शब्द सापडले होते. मुलगा बॅग खांद्याला लावून ऐकत होता आणि योग्य तिथे मान हलवत होता.

बस स्टँडवर सिमेंटचे बाक होते. त्याची बस आधी होती. दोघं बसली. बॅग मांडीवर घेत तो म्हणाला, "घरीच काढली होती. सकाळी, तू केस विंचरत होतीस तेव्हा. फसवायला नाही काढली. म्हटलं, तू दाबशील. दाबलास तरी आपलं काही बिघडू नये. कुणाला कळलंच नसतं. मलासुद्धा."

बाईंनी ऐकलं. हळू दाबलं असतं तर खरंच कळलं नसतं; खडक असा आवाज व्हायला आपल्या पायात जोर तरी किती असावा!

"उतरला नाहीस," त्या म्हणाल्या.

"उतरून काय? हे गुडघे घेऊन तू चालवणार होतीस?" तो हसला. मग बॅगेची चेन उघडबंद करत, जणू सहज, "आई, कशी चालवतो ग मी?"

बाईंनी तोंड उघडलं. हा प्रश्न त्यांना आयुष्यभर लोकांनी विचारला होता आणि त्या न थांबता सांगायच्या. तुझा तिसरा गिअर लवकर पडतो. तू वळणाच्या आधी दचकतोस. तुझे हात छान आहेत, पाय आळशी आहे. त्यांनी दिवस आठवायला घेतला. बाजारातली अडचण. तिथे डोळे मिटलेले. सायकलवाला. तिथे बोटं बघत होत्या. पहिलं गाव, दुसरं गाव. तो गिअर कसा टाकतो? आरशात बघतो का? एका हाताने धरतो की दोन्ही? इतका वेळ तो हातभर अंतरावर गाडी चालवत होता आणि त्याचा एकही हात त्यांना आठवेना. दिसत होता तो स्वतःचा पाय. सगळ्या दिवसात तेवढाच.

तो थांबला होता. चेन उघडी.

"बरी," बाई म्हणाल्या. "बरी चालवतोस."

"बरी तर बरी," तो म्हणाला आणि चेन लावली.

बस आली. तो वाकून पाया पडला. बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, आणि बस सुरू झाली म्हणून काढला. सुट्टीचं तो काही बोलला नाही. बाईंनी विचारलंही नाही.

त्या पुन्हा बाकावर येऊन बसल्या. समोर कुणी हमाल पोतं उतरवत होता. ते हळू, वाकून, जमिनीला आवाज न करता टेकवत होता. बाई त्याच्याकडे बघत राहिल्या आणि मग त्यांना कळलं. उतार होता. गाडीला वेग होता. कपाट एकदम आडवं आलं होतं. अशा थांबण्यात माणूस पुढे फेकला जातो, निदान मान तरी हलते. त्यांची मान हलली नव्हती. कपाळ काचेकडे गेलं नव्हतं. पिशवी पडली ती त्यांच्याच लाथेने. त्याने आधीच पाहिलं होतं, हातगाडी बोळातून बाहेर पडायच्याही आधी, आणि पाय असा हलका टेकवला होता की गाडीला ते समजावून सांगितल्यासारखं झालं होतं. असं थांबणं त्यांना कुणाला शिकवता आलं नव्हतं. त्यांना स्वतःलाही येत नव्हतं. त्या आपल्या दाबायच्या.

त्यांनी फोन लावला.

"काय ग? काही राहिलं?"

"अरे, ते कपाट आलं ना. हातगाडी. तिथं तू फार छान थांबलास. माझी मानसुद्धा हलली नाही. मी इतकी वर्षं शिकवतेय, पण असं थांबणं..."

पलीकडे बसचा आवाज येत होता.

"वकिलानं सांगितलं का असं म्हणायला?"

"नाही रे. तो कशाला सांगेल? माझ्याच लक्षात आलं. आत्ता."

"आत्ता," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "बरं, ठेवतो आई. कंडक्टर आलाय."

बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला. त्यांच्या बसला अजून वेळ होता. ती नव्या रस्त्याने जाणारी होती, वाटेत कुठलंच गाव न लागणारी. हमालाचं पोतं उतरवून झालं होतं आणि तो आता बाकाच्या दुसऱ्या टोकाला येऊन, हुश्श करून बसला. "कुठं जायचं, बाई?" त्याने विचारलं.

"घरी," बाई म्हणाल्या. "मुलाला सोडायला आले होते."